विकास बँकेचा नफा कुठे मुरतो? या चुका टाळा

विहीर, पाइपलाइन, ट्रॅक्टर यांच्या कर्जासाठी कोल्हापूरचा शेतकरी एके काळी भूविकास बँकेकडे जात असे. राज्यातल्या या बँका बंद करण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला. २०२२ मध्ये त्यांच्या कर्जदार शेतकऱ्यांची सुमारे ९६४ कोटींची थकबाकी माफ झाली, पण बँका परत उभ्या राहिल्या नाहीत. दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या अशा विकास बँकेचे संचालक असाल किंवा सभासद म्हणून तिचा अहवाल वाचत असाल, तर पुढच्या गोष्टी तपासाच.

व्याजदरातला फरक म्हणजेच नफा समजणे

सर्वांत महागात पडते ती हीच चूक. समजा, ८ टक्क्यांनी पैसे उचलून १०० कोटी ११ टक्क्यांनी वाटले. व्याज ११ कोटी आले, ८ कोटी गेले, पगार-भाड्याला दीड कोटी लागले. हाती दीड कोटी राहिले. आता यातली फक्त १० कोटींची कर्जे एनपीए (हप्ते थकलेली अनुत्पादक कर्जे) झाली, तर त्यांवरचे १ कोटी १० लाखांचे व्याज उत्पन्नात धरता येत नाही. उरले ४० लाख. ती बुडतील म्हणून दहा टक्के तरतूद धरली तरी १ कोटी बाजूला काढायचे, म्हणजे ६० लाखांचा तोटा. तो भरून काढायला नव्या कर्जाचे दर वाढवले, की नियमित फेडणारा कर्जदार आधी निघून जातो.

सगळ्यांना सारखाच हप्ता लावणे

शिरोळ-कागलकडच्या ऊस उत्पादकाच्या हाती पैसा येतो तो कारखान्याचे बिल जमा झाल्यावर. आडसाली ऊस तर दीड वर्षाच्या आसपास शेतात उभा असतो. त्याला दरमहा हप्ता लावला, तर चांगले कर्जही थकते. शिवाय सेवा सोसायटीचे पीककर्ज ऊसबिलातून आधीच कापले जाते. उरलेल्या रकमेत आपला हप्ता बसतो का, हे मंजुरीआधीच पाहायला हवे. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला किंवा शिरोलीच्या फौंड्रीला मासिक हप्ता चालतो, मात्र यंत्र बसून उत्पादन निघेपर्यंत मुदत द्यावीच लागते.

एकाच झऱ्यावर विसंबणे

भूविकास बँकांना ठेवींचा आधार फारसा नव्हता. भिस्त पुनर्वित्तावर, म्हणजे वाटलेल्या कर्जापोटी वरच्या वित्तसंस्थेकडून मिळणाऱ्या पैशावर होती. वसुली घसरली, पुनर्वित्त आटले, नवे कर्जवाटप थांबले, पगार मात्र चालूच राहिले. स्वस्त दीर्घ मुदतीचा पैसा मिळेनासा झाल्यावर उद्योगांना कर्ज देणाऱ्या आयसीआयसीआय (२००२) आणि आयडीबीआय (२००४) या विकास वित्तसंस्थांनीही ठेवी घेणाऱ्या बँकेचा मार्ग धरला.

कर्जेही एकाच तालुक्यात, एकाच पिकावर नकोत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठचा ऊस एकदमच पाण्याखाली गेला होता.

मार्चअखेरची वसुली खरी मानणे

जुने कर्ज नव्या कर्जाने फेडून घेतले, की आकडा छान दिसतो आणि थकबाकी पुढच्या वर्षी फुगून वर येते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये थकबाकी भरलेल्या कर्जदारांपैकी किती जणांना एप्रिल-मेमध्ये नवे कर्ज मिळाले, याची यादी संचालकांनी लेखापरीक्षकाकडे मागावी.