देवघराला धक्का न लावता बुद्धाची साधना कशी करावी

मी गोव्यातल्या चोडण बेटावरची, नोकरीला पणजीत. घर, नोकरी, सणवार सांभाळून ही साधना सोळा वर्षे चालू आहे. पुनर्जन्म मला पटत नाही, आणि संध्याकाळी देवघरात दिवाही मीच लावते. या दोन्हींमुळे माझे कधी अडले नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना लोक मूर्ती घ्या, अगरबत्ती लावा, घंटा वाजवणारे ॲप घ्या असे सुचवतात, ते ऐकले की मला राहवत नाही. यातले काहीही लागत नाही.

बुद्धाकडे बुद्धीने पाहण्याची वाट आपल्याकडे जुनी आहे. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी आपल्याच गोव्यातल्या सांखवाळचे, जन्म १८७६चा. त्यांनी घर सोडले, श्रीलंकेत जाऊन बौद्ध ग्रंथांची पाली भाषा शिकले, आणि मग म्हातारा, रोगी नि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडल्याची कथासुद्धा तपासून पाहिली. ती त्यांना पटली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य (सिद्धार्थाचे कुळ) आणि शेजारच्या कोलियांत जे भांडण होते, त्याच्याशी त्यांनी गृहत्याग जोडला. माणसाबद्दल इतका आदर आणि कथेची इतकी कसून तपासणी, दोन्ही एकत्र नांदू शकतात.

एक गोष्ट आधीच सांगते. १९५६ साली डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये देवपूजा स्पष्ट नाकारली आहे. ज्यांनी ती धम्मदीक्षा घेतली, त्यांची बांधिलकी माझ्यापेक्षा वेगळी आणि मोठी आहे. मी दीक्षा घेतलेली नाही. खाली लिहिले आहे ते फक्त रोजच्या सरावाबद्दल.

पहिली पायरी बैठकीची. सकाळी पंधरा मिनिटे, खुर्चीवर बसलात तरी चालेल. नाकाशी श्वास जाणवू द्या, एक ते दहा मोजा, विसरलात की पुन्हा एकपासून. ‘मन रिकामे करा’ असे कुणी सांगितले तर तिथून उठा. मन भरकटले हे कळणे, हाच तर सराव आहे.

दुसरी पंचशीलाची, म्हणजे हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे आणि नशा टाळण्याच्या पाच नियमांची. पाचही शीलांच्या शेवटी ‘सिक्खापदं समादियामि’ येते, म्हणजे हा शिकण्याचा नियम मी स्वीकारते. तेव्हा शिकायच्याच बेताने घ्या, महिन्याला एक. खोटे न बोलण्यापासून सुरुवात करा, ऑफिसात दिवसाला चारदा तरी परीक्षा होते. ‘आम्ही मासे खाणारे, आमचे कसे?’ असे मला नेहमी विचारतात. आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली नसेल, तर विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, त्यांनाही मासे-मांस चालत होते. दारूच्या बाबतीत मात्र मी सूट देत नाही. मार्च-एप्रिलात उर्राक, म्हणजे काजूची ताजी दारू, घरोघरी येते, आणि दोन पेले पोटात गेले की पुढची पायरी जमतच नाही.

ती पुढची पायरी म्हणजे वेदना. इथेच माझी दोन वर्षे वाया गेली.

चूक आपल्या मराठीमुळे होते. वेदना म्हटले की आपल्याला दुखणे आठवते. ‘वेदनेकडे पाहा’ असे ऐकून मी दुखणे शोधत बसायचे. गुडघा ठणकेपर्यंत मांडी मोडायची नाही, पाय बधिर झाला म्हणजे प्रगती झाली, असे समजायचे. शेवटी गुडघा सुजला, महिनाभर जिना चढता येईना. घरी पडून सतिपट्ठान सुत्त, म्हणजे सजगतेवरचे बुद्धाचे प्रवचन, वाचताना ‘सुखं वेदनं वेदयामी’ या शब्दांवर थबकले. सुखाची वेदना? मग उलगडा झाला की पालीत वेदना म्हणजे दुखणे नव्हे. समोर आलेली कुठलीही गोष्ट अंगाला पहिल्या क्षणी कशी लागते, ती वेदना. ती तीन प्रकारची: सुखद, दुःखद, आणि दोन्ही नसलेली. मी त्यांना हवंसं, नकोसं आणि काहीच नाही म्हणते. तेव्हा मांडी मोडा. गुडघ्याचा छळ म्हणजे साधना नव्हे.

आता ही पकडायची कुठे? बैठकीत नव्हे, गर्दीत. संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी रांग लागलेली असते आणि मागून एखादी गाडी सरळ पुढे घुसते. त्या वेळी नीट पाहा. आधी पोटात काहीतरी आवळते, कानशिले तापतात. ‘स्वतःला समजतो कोण’ हे वाक्य त्यानंतर येते. आवळणे आणि वाक्य यांच्यात एक बारीकशी फट असते, तिथे मनात ‘नकोसं’ एवढा एकच शब्द म्हणायचा. फस्सातून (स्पर्शातून) वेदना, वेदनेतून तण्हा (हाव) ही साखळी पुस्तकात लांबलचक वाटते, धक्क्यावर ती दोन सेकंदांत पुरी होते.

इथे तीन ठिकाणी लोक घसरतात. कुणी ‘मला राग आला’ असे नाव देतात, पण राग म्हणजे पुढची अवस्था झाली, तोवर फट बुजलेली असते. कुणी नकोसं घालवायला बघतात. घालवू नका, नुसती नोंद घ्या आणि हॉर्न वाजवायचाच असेल तर मग वाजवा. आणि पहिले काही आठवडे हे सगळे प्रसंग उलटून गेल्यावरच आठवते. आठवले म्हणजे सराव झाला असे धरा.

सगळ्यात अवघड ‘काहीच नाही’. बोट सुटली, मांडवीच्या मध्यावर आली, समोर तीच खारफुटी, कुणी ओळखीचे नाही. माझा हात पर्समध्ये शिरतो आणि मोबाइलवर बोटे पडतात, तेव्हा कुठे लक्षात येते. फोन वाजलेला नसतो, कुणाला काही सांगायचे नसते. काहीच नाही हे सोसवले नाही, एवढेच. माझ्या मते मोबाइलच्या सवयीचे मूळ इथे आहे, आणि फोन कपाटात ठेवून ती सुटत नाही. हात पर्समध्येच थांबवा, कातड्याचा गारवा बोटांना जाणवू द्या, ‘काहीच नाही’ म्हणा. पलीकडचा धक्का येईपर्यंत तेवढेच करा.

चित्त (मनाची अवस्था पाहणे) आणि धम्म (मनात येणारे विषय पाहणे) या सुत्तातल्या पुढच्या पायऱ्या आहेत. वेदना सहा महिने पक्की झाली की त्या फारशा जड जात नाहीत.

ज्यांना नैराश्याचा किंवा घबराटीचा आजार आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि औषधे मनाने बंद करू नयेत.

घरच्यांशी वाद घालत बसू नका. आमच्याकडे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीवरची फळापानांची माटोळी मीच बांधते. आरतीच्या घुमट या वाद्यावर पहिली थाप पडली की छातीत काहीतरी उमलते. मी मनात ‘हवंसं’ म्हणते आणि आरतीला सूर धरते.