जिप्सीची ट्रान्सफर केस बदलताना मीटरचे गिअर कसे जुळवावेत

मेळघाटातल्या घाटवाटा, गडचिरोलीतले नाल्यांनी तोडलेले जंगलरस्ते आणि पावसाळ्यात चाकाला वीतभर चिखल चिकटवणारी वऱ्हाडातली काळी जमीन, या सगळीकडे मारुती जिप्सी अजून रोजच्या कामात आहे. 1985 मध्ये आलेल्या पहिल्या जिप्सीत 970 सीसीचे इंजिन होते आणि 1996 मध्ये 1.3 लिटर इंजिनाची ‘जिप्सी किंग’ आली. आता नवी गाडी निघत नाही. त्यामुळे ट्रान्सफर केसचे (गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचे) बेअरिंग ओरडू लागले किंवा लो गिअर आपोआप सुटू लागला की बहुतेक मालक नागपूर-अमरावतीकडच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून दुसरी केस आणतात. काही जण तर किंगला जाणूनबुजून जुन्या 970 सीसी जिप्सीची केस बसवतात, कारण तिला ओढ जास्त आहे. केस बसते, गाडीही चालते, पण मीटर चुकीचा वेग आणि चुकीचे किलोमीटर दाखवू लागते. हे टाळण्याचे काम केस जमिनीवर असतानाच करावे लागते. ती गाडीखाली चढल्यावर तेच काम तेल सांडत, पाठीवर झोपून करावे लागते.

केस विकत घेण्यापूर्वी

किंगच्या केसचा रेशो, म्हणजे बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला आत येणारे फेरे, हाय रेंजमध्ये (नेहमीच्या चालीत) 1.409 आणि लो रेंजमध्ये (संथ, जास्त ओढीच्या चालीत) 2.268 आहे, तर जुन्या जिप्सीच्या केसचा 1.580 आणि 2.511. म्हणजे जुनी केस लावल्यास हाय रेंजमध्ये सुमारे 12 टक्के आणि लो रेंजमध्ये जवळपास 11 टक्के अधिक ओढ मिळते. चिखलात आणि चढावर हा फरक चांगला जाणवतो, पण त्याची किंमत पक्क्या रस्त्यावर मोजावी लागते. चाकाचा एक फेरा 2.05 मीटरचा आणि डिफरन्शिअलचा (चाकांच्या आसावरच्या गिअरचा) रेशो 3.909 धरला, तर किंगच्या केसने चौथ्या गिअरमध्ये ताशी 80 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 3580 फेरे घेते. जुन्या केसने तेच 4015 च्या घरात जातात. ज्याची गाडी मुख्यतः राष्ट्रीय महामार्गावर धावते त्याने हा बदल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याची गाडी वर्षातले बरेच महिने शेतात आणि जंगलात असते, त्याने अवश्य करावा.

बाजारात केस पाहताना इनपुट शाफ्ट हाताने फिरवून खरखर ऐकावी, फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) वर-खाली हलवून ढिलाई पाहावी आणि तेलाचा नट खोलून उरलेले तेल बोटावर घ्यावे. तेल दुधाळ असेल तर त्या केसमध्ये नाल्याचे पाणी शिरलेले आहे. फ्लँजच्या भोकांचे अंतर आपल्या प्रोपेलर शाफ्टशी (केसपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याशी) जुळते का, हे तिथेच मापून घ्यावे. न जुळल्यास आपल्या केसचे फ्लँज बसतील का, म्हणजे स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते) सारखे आहेत का, ते मोजावे.

काटा का चुकतो

केसचा रेशो बदलला म्हणून काटा चुकतो, असा सर्वसाधारण समज आहे, पण तो बरोबर नाही. मीटरची केबल केसमधून मागे जाणाऱ्या शाफ्टवरून फिरते, म्हणजे हाय-लोचा सगळा बदल होऊन गेल्यानंतरच्या जागेवरून. म्हणूनच लो रेंजमध्येही चांगल्या गाडीचे मीटर खरा वेग दाखवते. या शाफ्टपासून पुढे रस्त्यापर्यंत दोनच गोष्टी उरतात : डिफरन्शिअलचा रेशो आणि टायरचा घेर. शाफ्टवरचा लहान गिअर आणि केबलच्या टोकाचा गिअर ही जोडी या दोहोंसाठी बनवलेली असते. दुसऱ्या गाडीची केस आणली की तिच्याबरोबर त्या गाडीच्या डिफरन्शिअलसाठीची जोडी येते आणि घोटाळा तिथे होतो.

यावरून सर्वांत सोपा उपाय आपोआप निघतो. टायर आणि डिफरन्शिअल मूळचेच असतील आणि जुन्या केसमधली, म्हणजे गाडीतून उतरवायच्या केसमधली, जोडी चांगली असेल, तर ती जोडी, म्हणजे दोन्ही गिअर, नव्या केसमध्ये हलवावी. एकच गिअर हलवू नये. दातांचा कल आणि व्यास जोडीने ठरलेला असतो. बेजोड गिअर काही दिवस चालतात आणि मग केबलच्या गिअरचे दात खरवडून निघतात. केबलचा गिअर ज्या बाहीत (स्लीव्हमध्ये) बसतो ती बाहीही जोडीबरोबरच न्यावी, कारण दातांची संख्या बदलली की गिअरचा व्यास बदलतो आणि दोन्ही गिअरमधले अंतर ती बाही ठरवते.

दात मोजून हिशेब कसा करावा

टायर मोठे घातले असतील किंवा जुनी जोडी झिजली असेल, तर हिशेब करावाच लागतो. त्यासाठी चार आकडे हवेत.

पहिला आकडा चाकाच्या फेऱ्याचा. टायरमध्ये नेहमीची हवा आणि गाडीत नेहमीचे वजन ठेवून मागच्या टायरवर व जमिनीवर खडूने खूण करावी, सपाट जागी गाडी सरळ ढकलत चाकाचे पाच पूर्ण फेरे होऊ द्यावेत आणि टेपने मोजलेले अंतर पाचाने भागावे. टायरच्या बाजूवर छापलेल्या मापावरून काढलेला घेर थोडा जास्त निघतो, कारण वजनाखाली टायर दबतो.

दुसरा आकडा डिफरन्शिअलचा. पुढची चाके दगडांनी पक्की अडवून, गाडी न्यूट्रल ठेवून, मागचे एकच चाक उचलावे आणि ते बरोबर दोन फेरे फिरवावे. दुसरे चाक जमिनीवर थांबलेले असल्यामुळे, या दोन फेऱ्यांत प्रोपेलर शाफ्टचे जितके फेरे होतात तोच रेशो. शाफ्टचे चार फेरे पूर्ण व्हायला थोडेसे कमी पडले तर तो 43 व 11 दातांचा, म्हणजे 3.909 चा जोड. चारांहून थोडे अधिक झाले तर 37 व 9 दातांचा, म्हणजे 4.111 चा.

तिसरा आकडा मीटरचा : एका किलोमीटरला केबलचे किती फेरे लागतात. जपानी पद्धतीच्या मीटरला सहसा 637 लागतात आणि पुष्कळदा तो आकडा डायलवर बारीक छापलेला असतो. नसेल तर केबल केसच्या बाजूने सोडून आतली तार हाताने फिरवावी आणि शंभर मीटरचा आकडा एक घर पुढे सरकेपर्यंत फेरे मोजावेत. चौथा आकडा शाफ्टवरच्या गिअरच्या दातांचा. तो दातावर खूण करून प्रत्यक्ष मोजावा.

आता 1000 भागिले चाकाचा फेरा, गुणिले डिफरन्शिअलचा रेशो, इतके शाफ्टचे फेरे एका किलोमीटरला होतात. त्याला शाफ्टवरच्या गिअरच्या दातांनी गुणून केबलच्या फेऱ्यांनी भागले की केबलच्या गिअरला हवे असलेले दात मिळतात. नमुन्यादाखल फेरा 2.05 मीटर, रेशो 3.909 आणि शाफ्टवर 7 दात घेऊ. शाफ्टचे फेरे सुमारे 1907 येतात, गुणिले 7, भागिले 637 : उत्तर 20.95, म्हणजे 21 दात. हेच 4.111 रेशोच्या गाडीला 22 दात येतात. त्या गाडीची 7 आणि 22 ची जोडी पहिल्या गाडीत तशीच राहिली, तर खऱ्या 60 च्या वेगाला काटा 57 दाखवील. फरक लहान वाटतो, पण तो धोक्याच्या बाजूचा आहे.

उत्तर दोन संख्यांच्या मधोमध आले तर कमी दातांचा गिअर निवडावा. मोठ्या टायरने फेरा 2.20 मीटर झाला तर वरच्या गाडीला 19.53 दात येतात. 20 दात घेतल्यास खऱ्या 60 ला काटा साधारण 58.6 दाखवतो आणि 19 घेतल्यास 61.7. वेग थोडा जास्त दिसणे सुरक्षित आहे. मात्र किलोमीटरही तेवढ्याच प्रमाणात, सुमारे पावणेतीन टक्के, जास्त पडतील, म्हणून गाडी किलोमीटरच्या हिशेबाने भाड्याने देणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

गिअर बदलणे आणि केस चढवणे

नव्या केसच्या मागच्या फ्लँजचा नट खोलावा, फ्लँज काढावा आणि मागचे घर हळूच सोडवावे. आत पातळ शिम (अंतर भरून काढणाऱ्या चकत्या) असतील तर त्यांचा क्रम आणि जागा बदलू नये. शाफ्टवरचा गिअर बदलून, नवे ऑइल सील आणि केबलच्या बाहीची नवी रबर रिंग घालून घर बंद करावे. ही स्वस्त वस्तू जुनीच ठेवली तर तेल केबलमधून थेट मीटरपर्यंत चढते. बंद केल्यावर शाफ्ट हाताने फिरवून केबलचा गिअर न अडकता फिरतो का आणि जुन्या केसप्रमाणेच त्याच दिशेने फिरतो का, हे पाहावे. उलट फिरल्यास काटा शून्यावरच दाबून राहतो.

जुनी केस उतरवताना गाडी सपाट, कडक जागी, घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्यावी. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावणे इथे विशेष आवश्यक आहे, कारण ज्या केसच्या मागे हँडब्रेकचा ड्रम असतो तिथे प्रोपेलर शाफ्ट सुटताच हँडब्रेक निकामी होतो, आणि एक मागचे चाक उचलले तरीही तो गाडी धरून ठेवत नाही.

तेल काढून घ्यावे. प्रोपेलर शाफ्टच्या प्रत्येक जोडावर रंगाने खूण करून तिन्ही बाजू सोडवाव्यात. गिअरबॉक्स आणि केस यांच्यामधला आखूड शाफ्टही त्यातच आला. मीटरची केबल, फोर व्हीलच्या दिव्याची वायर आणि लिव्हर मोकळे करावे. मग केसखाली फळी व जॅक लावून, दुसऱ्या माणसाने धरलेले असताना, रबर माउंटिंगचे बोल्ट सोडावेत. रबर तडकलेले असतील तर ते आताच बदलावेत. नवी केस चढवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावावेत, केस सरळ बसल्यावरच पान्याने आवळावेत, आणि ॲल्युमिनियमच्या घरातल्या बोल्टांवर लांब पाइप घालून जोर लावू नये, कारण तिथले आटे लगेच जातात. शाफ्ट खुणेवर खूण ठेवून जोडावेत. शेवटी 80 डब्ल्यू 90 चे गिअर ऑइल वरच्या भोकातून बाहेर झिरपेपर्यंत भरावे, सुमारे 0.8 लिटर लागते.

रस्त्यावरची तपासणी

नागपूर-अमरावती महामार्गासारख्या सलग किलोमीटरचे दगड असलेल्या रस्त्यावर काटा 60 वर स्थिर धरून एका दगडापासून दुसऱ्यापर्यंतची वेळ सोबत बसलेल्या माणसाने मोजावी. बरोबर 60 सेकंद लागले तर काटा खरा आहे. जास्त लागले तर काटा वाढवून दाखवतो, कमी लागले तर घटवून. त्याच फेरीत दहा दगडांचे अंतर किलोमीटरच्या आकड्यांशीही ताडून पाहावे, कारण काटा स्प्रिंगवर चालत असल्याने जुन्या मीटरमध्ये किलोमीटर बरोबर आणि काटा चूक असेही घडते. तसे आढळल्यास दोष मीटरचा आहे, गिअरला हात लावू नये.

काही दिवस गाडी चालल्यावर माउंटिंगचे आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळावेत, तेलाची पातळी पाहावी, आणि दोन्ही गिअरच्या दातांची संख्या व चाकाच्या फेऱ्याचे माप बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावे.