केडीपीवर ई-पुस्तक चढवताना

मी पेशाने मुद्रितशोधक, त्यामुळे ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाला स्वतःच पुस्तक प्रकाशित करू देणाऱ्या ‘किंडल डायरेक्ट पब्लिशिंग’वर, पुस्तक चढवायचं म्हटलं की माझा अर्धा जीव फाइलमध्येच अडकलेला असतो. वर्डमध्ये प्रत्येक प्रकरणाच्या शीर्षकाला ‘हेडिंग १’ ही स्टाइल द्या. अनुक्रमणिका त्यावरूनच तयार होते. परिच्छेदाची पहिली ओळ स्पेस दाबदाबून आत सरकवू नका, इंडेंट लावा. पानांचे क्रमांक काढून टाका. वाचक अक्षरं लहान-मोठी करतो, तेव्हा पान ठरलेलं राहतच नाही. पीडीएफचा मोह टाळून ईपब (ई-पुस्तकांसाठीचा फाइल-प्रकार) किंवा वर्डचीच फाइल द्या. मग केडीपीच्या प्रीव्ह्यूअरमध्ये, म्हणजे पुस्तक कसं दिसेल ते दाखवणाऱ्या खिडकीत, फोन आणि टॅबलेट या दोन्ही रूपांत पुस्तक शेवटपर्यंत चाळा. कंटाळवाणं काम आहे खरं, पण तुटलेली जोडाक्षरं तिथेच सापडतात.

मुखपृष्ठाची उंची २५६० आणि रुंदी १६०० पिक्सेल ठेवा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, ई-पुस्तकाला लागत नाही. कीवर्डचे, म्हणजे वाचक ज्यांनी पुस्तक शोधतो त्या शब्दांचे, ७ रकाने मिळतात. त्यांत शीर्षकातलेच शब्द पुन्हा कोंबू नका.

रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. ७० टक्क्यांसाठी अमेरिकी बाजारातली किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या आत हवी, शिवाय फाइलच्या आकारानुसार डिलिव्हरीचा खर्च कापला जातो, म्हणून चित्रं आधीच हलकी करा. ‘केडीपी सिलेक्ट’ या ई-पुस्तक फक्त ॲमेझॉनवरच ठेवण्याच्या योजनेवर घाईने टिचकी मारू नका बरं! ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेच विकता येत नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही, आणि आपण बंद केलं नाही तर मुदत आपोआप वाढते. ‘पब्लिश’ दाबल्यावर तपासणीला ७२ तासांपर्यंत लागू शकतात.