निळा पट्टा आणि नसलेलं झिर्कोनियम: स्पेक्ट्रोला दोष देण्याआधी या चुका टाळा

गेल्या जुलैमध्ये बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून फोन आला. "साहेब, एसजी आयर्नमध्ये झिर्कोनियम कुठनं आलं, जरा येऊन बघा की." एसजी आयर्न म्हणजे गोल ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड, आणि झिर्कोनियम दाखवत होता तो स्पेक्ट्रो, म्हणजे नमुन्यावर ठिणगी (स्पार्क) पाडून त्यातली मूलद्रव्यं मोजणारं मशीन. इनॉक्युलंटची (ग्रॅफाइट नीट तयार व्हावं म्हणून वितळलेल्या लोखंडात टाकायच्या मिश्रणाची) नवी पोती नुकतीच उतरली होती. काही इनॉक्युलंटमध्ये झिर्कोनियम असतंच, त्यामुळे सगळे पुरवठादारावर तुटून पडलेले. मी जाऊन आधी नमुना घासायचं मशीन बघितलं. त्यावर नवाकोरा निळा पट्टा. आधीचा काळा होता. निळा म्हणजे झिर्कोनियाचा! तेच नाणं (नाण्यासारखा ओतलेला नमुना) काळ्या पट्ट्यावर पुन्हा घासून स्पार्क दिला आणि झिर्कोनियम गायब.

काळा पट्टा सिलिकॉन कार्बाइडचा. तोही मागे थोडं सिलिकॉन सोडतो, पण एसजीत मुळातच दोन-अडीच टक्के सिलिकॉन असतं, तिथं ते कुणाला कळणार? ०.०१ टक्का ॲल्युमिनियम मोजायचं असेल तर मात्र तपकिरी ॲल्युमिनाचा पट्टा नडतो. पट्टा बदलला की तारीख वहीत लिहा.

दुसरी चूक म्हणजे राखाडी नाणं. तांब्याच्या साच्यात झटक्यात गोठलेला नमुना तोडला की आत पांढरा दिसायला हवा. साचा गरम असेल किंवा नाणं जाड पडलं असेल तर आत ग्रॅफाइट तयार होतं, मग कार्बनच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. असा नमुना फेकून द्या आणि लेडलमधून (वितळलेल्या धातूच्या भांड्यातून) दुसरा घ्या.

सिरियमचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. भंगारातून येणारं शिसं, बिस्मथ, अँटिमनी ग्रॅफाइटचा गोल आकार बिघडवतात. त्यांना आवर घालायला मॅग्नेशियमच्या मिश्रधातूतून थोडं सिरियम जातं. जाड कास्टिंगमध्ये तेच जास्त झालं तर चंकी ग्रॅफाइट (गोलाऐवजी तुटक तुकड्यांचं) होतं आणि ताकद घटते. म्हणून टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्यावरून इथं वाद होतात. पण सिरियम गंधक आणि ऑक्सिजनला धरून बसतं, त्याचे कण नाण्यात एका जागी साचतात. तीन स्पार्कांत तीन आकडे आले की ऑपरेटर मधला धरतो आणि टीसीवर (टेस्ट सर्टिफिकेटवर) उतरवतो. तसं करू नका. वितळलेल्या धातूवरची मळी बाजूला सारून नवा नमुना घ्या, नव्यानं घासा, जागा बदलून स्पार्क द्या. शिवाय स्पेक्ट्रो एकूण सिरियम दाखवतो, त्यातलं गंधकाला बांधलं गेलेलं वेगळं काढून देत नाही. मायक्रोस्कोपखाली ग्रॅफाइट बघितल्याशिवाय आकड्यावर निर्णय घेऊ नये, असं माझं मत.

आणि सिरियमच नसलेल्या सीआरएमवर (प्रमाणित संदर्भ नमुन्यावर) मशीन जुळवून सिरियम वाचणारेही मी पाहिलेत. त्यांना काय म्हणावं!

स्पार्कच्या जागेतली हवा हटवायला स्पेक्ट्रोत आर्गॉन वायू सोडतात, पण आपल्याकडचा पाऊस त्या आर्गॉनच्या नळीलाही सोडत नाही. कार्बन, फॉस्फरस, गंधक एकदम खाली आले आणि मँगनीज, क्रोमियम जागेवर असतील तर धातूत दोष शोधू नका. त्या तिघांच्या प्रकाशाच्या ज्या रेषा स्पेक्ट्रो मोजतो त्या २०० नॅनोमीटरच्या खाली आहेत, हवा आणि ओल त्यांनाच आधी गिळते. जोड तपासा, काच पुसा, सिलिंडर बदलल्यावर नळीतून पुरेसा आर्गॉन जाऊ द्या. स्पार्कचा डाग काळ्या कड्याचा यायला हवा. पांढुरका, पसरलेला आला तर ते रीडिंग धरूच नका.

टूल स्टील ॲसिडमध्ये विरघळवून टंगस्टन काढणाऱ्यांसाठी एवढंच: नायट्रिक ॲसिड घातल्यावर तळाशी बसणारी पिवळी पूड म्हणजेच तुमचं टंगस्टन. ती गाळून टाकली की उत्तर कमी येणारच. फॉस्फरिक ॲसिड घातलं तर टंगस्टन द्रावणात टिकतं. हायड्रोफ्लोरिक वापरत असाल तर काचेचं भांडं चालत नाही, प्लास्टिकचंच घ्या. आणि हायड्रोफ्लोरिक अंगावर उडालं तर लावायच्या कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब साहेबांच्या कपाटात कुलपात नको, बेसिनपाशी हाताला येईल अशी ठेवा.