या चुका टाळा: न्यूरोडायव्हर्स मुले काय आणि कसे शिकतात हे तपासताना

‘पंचवीस लिही’ असे सांगितल्यावर दुसरीतले मूल ५२ लिहिते, वहीत ‘अंकांची उलटापालट करतो’ असा लाल शेरा येतो आणि महिनाभरात ‘याला गणिताची अध्ययन अक्षमता असेल’ अशी चर्चा शिक्षकांच्या खोलीत सुरू होते. वास्तविक पंचवीस हा शब्द उच्चारताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस मागून येतात, त्यामुळे मुलाने ऐकलेल्या क्रमानेच लिहिलेले असू शकते. एकोणतीस तर त्याहून अवघड आहे, कारण कानावर तीस पडतात आणि लिहायची सुरुवात मात्र २ने करायची असते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ अशी जोडवाचनाची पद्धत नेहमीच्या शब्दांबरोबर दिली, तेव्हा तिच्यावर पुष्कळ टीका झाली. भाषेच्या अंगाने त्या टीकेत तथ्य असेलही, पण तपासणीचे साधन म्हणून ही पद्धत मला अतिशय उपयोगी वाटते.

अशा मुलाला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि काही सुट्ट्या काड्या द्याव्यात, ‘वीस आणि पाच’ असे म्हणून तेवढ्या काड्या मांडायला सांगावे आणि मग ती संख्या लिहायला सांगावी. ते बरोबर जमले, तर अडचण संख्यानामांची आहे. याउलट तिसरी-चौथीतल्या मुलाला ७ आणि ९ यांतली मोठी संख्या कोणती हे सांगण्यासाठीही दर वेळी बोटे मोजावी लागत असतील, तर शंका रास्त आहे आणि पुढची तपासणी लांबवू नये.

डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) अशा वेगळ्या मेंदूरचनेच्या, म्हणजेच न्यूरोडायव्हर्स मुलांबाबत होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. मूल काय शिकले हे पाहायचे असते आणि प्रत्यक्षात मोजले जाते ते त्याचे हस्ताक्षर, बोलण्याचा वेग किंवा एका जागी बसण्याची ताकद.

‘अचूक वाचतो, म्हणजे डिस्लेक्सिया नाही’

ही चूक मराठी माध्यमात फार होते. डिस्लेक्सियाची बहुतेक वर्णने इंग्रजीवरून घेतलेली आहेत आणि इंग्रजीत अक्षर व उच्चार यांची सांगड बेभरवशाची असल्यामुळे तिथे चुकीचे वाचन लगेच नजरेत भरते. देवनागरीत ही सांगड बरीच पक्की आहे. म्हणून मूल एकेक अक्षर लावत अखेर शब्द बरोबर वाचते, मात्र त्यासाठी त्याला इतका वेळ आणि इतके श्रम लागतात की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात हरवलेली असते. त्यामुळे फक्त चुका मोजू नयेत. वाचनाला लागलेला वेळ मोजावा आणि वाचल्यावर अर्थ विचारावा. तोच उतारा आपण वाचून दाखवल्यावर मुलाला सगळी उत्तरे येत असतील, तर आकलन शाबूत आहे आणि अडथळा लिपीच्या पातळीवर आहे, हे पुरेसे स्पष्ट होते.

देवनागरीच्या स्वतःच्या अडचणीही ओळखता आल्या पाहिजेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चारात नंतर येते, ‘सूर्य’मधला रफार शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण उच्चारात त्याच्या आधी येतो, आणि जोडाक्षरात पहिल्या अक्षराचा आकारच बदलतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र निदानात धरू नयेत, कारण त्या प्रौढ माणसेही सर्रास करतात. श्रुतलेखनाच्या वहीत चुकांची नुसती बेरीज करण्याऐवजी कोणत्या प्रकारची चूक किती वेळा झाली हे लिहून ठेवले, तर तज्ज्ञाला त्या एका पानातून खूप काही कळते.

मराठीतच तपासणी करणारी साधने आता उपलब्ध आहेत. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने तयार केलेले ‘डाली’ हे साधन हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत आहे. इंग्रजी चाचणी तोंडी भाषांतर करून देण्याचे काहीच कारण उरलेले नाही. घरी कोरकू, पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र मराठी चाचणीही सावधपणे वाचावी लागते. अडचण घरच्या भाषेतही दिसते का, गोष्ट सांगताना, नाव घेताना, निरोप पोहोचवताना, हे पालकांना विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. डोळे आणि कान तपासून घेणे ही तर पहिली पायरी आहे.

तोच प्रश्न, शब्द बदलून, पुन्हा पुन्हा

स्वमग्न मुलाला प्रश्न विचारल्यावर दोन-तीन सेकंदांत उत्तर आले नाही की आपण तोच प्रश्न शब्द बदलून विचारतो. आपल्या दृष्टीने ती मदत असते, पण पहिल्या प्रश्नाचा अर्थ लावत असलेल्या मुलापुढे आता दुसरा प्रश्न येतो आणि त्याला नव्याने सुरुवात करावी लागते. मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे आणि पुन्हा विचारायचेच असेल, तर त्याच शब्दांत विचारावे. ‘सहलीबद्दल सांग’ यासारखा मोघम प्रश्न टाळून ‘बसमध्ये तुझ्या शेजारी कोण बसले होते?’ असे विचारावे. बोलून उत्तर देता येत नसेल, तर चित्रकार्डांवर बोट ठेवणे, वस्तू जुळवणे किंवा टॅबवर निवडणे हीदेखील पूर्ण उत्तरेच आहेत. नजरेला नजर देणे हा लक्ष असल्याचा पुरावा मानू नये. कित्येक मुले दुसरीकडे पाहतानाच नीट ऐकतात.

याची उलट बाजूही असते. काही स्वमग्न मुले चार-पाच वर्षांची असतानाच दुकानांच्या पाट्या, वर्तमानपत्र, काहीही घडाघडा वाचतात आणि घरातले सगळे हरखून जातात. तिथे वाचन पुढे गेलेले असते आणि अर्थ मागे राहिलेला असू शकतो. ‘पंखा बंद कर आणि दप्तर खुर्चीवर ठेव’ अशी चिठ्ठी लिहून द्यावी आणि मूल काय करते ते पाहावे.

एका दिवसाच्या चाचणीवर भिस्त

एडीएचडी असलेल्या मुलाने सोमवारी सोडवलेली गणिते गुरुवारी चुकतात, आणि ‘येते, पण करत नाही’ असा निष्कर्ष निघतो. हा चढउतार त्या स्थितीचाच भाग आहे. तासाभराच्या एका पेपरऐवजी दहा-पंधरा मिनिटांचे तीन तुकडे वेगवेगळ्या दिवशी घ्यावेत आणि पानावर एका वेळी दोन-तीनच प्रश्न ठेवावेत. केवळ वर्गातल्या वागण्यावरून शंका घेऊ नये. निदानाच्या प्रचलित निकषांनुसार लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली असावी लागतात आणि शाळा, घर अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात.

बुद्ध्यंकाच्या आकड्याबद्दल थोडे सांगायला हवे. बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडमध्ये मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार केली, ही आपल्या दृष्टीने मोलाची परंपरा आहे. पण तिचे मूळ काम १९३०च्या दशकातले आहे आणि जुन्या निकषांवर आजच्या मुलांचा गुणांक फुगून येतो. अहवालात कोणती चाचणी वापरली, कोणत्या भाषेत घेतली आणि उपचाचण्यांचे गुण किती, हे पालकांनी विचारावे. शाब्दिक आणि कृतीच्या भागांत मोठी तफावत असेल, तर त्यांची सरासरी मुलाबद्दल काहीच सांगत नाही.

प्रमाणपत्राची वाट पाहत थांबणे

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा समावेश आहे. कलम १६ अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करायला सांगते. कलम १७ मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. बोर्डाच्या परीक्षेतील सवलतींसाठी प्रमाणपत्र लागते हे खरे, पण पहिलीतल्या मुलाला तोंडी उत्तर देऊ देण्यासाठी कोणाचीही सही लागत नाही.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या हातात २०१० पासूनच ही मोकळीक दिलेली आहे. निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधने आकारिक, म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनात आहेत. दुर्दैवाने वर्णनात्मक नोंदी बाजारातल्या तयार पुस्तकांतून उतरवल्या जातात. ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ ही नोंद कोणत्याही मुलाला लागू पडते. तिच्या जागी ‘पन्नास शब्दांचा उतारा चार मिनिटांत वाचला, जोडाक्षरांपाशी सहा वेळा थांबला, ऐकवल्यावर पाचही उत्तरे बरोबर दिली, सकाळच्या पहिल्या तासाला’ असे लिहावे. अशा पाच-सहा तारीखवार नोंदी आणि वहीची दोन पाने घेऊन पालक तज्ज्ञाकडे गेले, तर पहिल्या भेटीतच बोलणे थेट त्या मुलाच्या शिकण्यापासून सुरू होते.