नाणं, मोबाइल आणि मिटलेले डोळे

नाण्याच्या जादूतली फिंगर पाम (नाणं बोटांच्या मुळाशी लपवणं), क्लासिक पाम (तळहाताच्या मध्यावर धरणं), फ्रेंच ड्रॉप (दुसऱ्या हातात घेतल्याचं नाटक) ही नावं तुमच्या कानावरून गेली आहेत असं धरून चालतो. गेली नसतील तर एक संध्याकाळ यूट्यूबवर घालवा. बोटं कशी ठेवायची हे सांगणारे तिथे ढिगाने आहेत. मी सांगणार आहे ते त्याच्या पुढच्या खड्ड्याबद्दल. त्यात मी नऊ महिने बसून होतो आणि आपलं बरं चाललंय असंच समजत होतो.

मी सोलापुरात टॉवेलच्या दुकानात काउंटरवर असतो. घर पूर्वभागात, भिंतीला लागून यंत्रमाग. रात्री साडेनऊला जेवण उरकलं की कपाटाच्या आरशासमोर उभा राहायचो आणि दहा रुपयांचं नाणं उजव्या हातातून डाव्यात ठेवल्यासारखं करून उजव्यातच ठेवायचो. रोज दोनशे वेळा. मोजून. आरशात ते इतकं सुरेख दिसायचं की नाणं नेमकं कुठे गेलं याचा मलाच घोळ व्हायचा. मग पहिला व्हिडिओ काढला आणि दोस्ताला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "भारी बे. पण उजव्या हातात दिसालंय की."

मी काय केलं? लाइटला दोष दिला. रिंग लाइट घेतला. मग मोबाइलला दोष दिला. मग एका ऑनलाइन क्लासवाल्याला पैसे भरले. त्याने "तीस दिवसांत कॅमेरा-रेडी" म्हणून जे व्हिडिओ दिले, त्यात हात ऐन मोक्याला चौकटीबाहेर जायचे. त्याचं नाव लिहीत नाही, पण असे बरेच आहेत. ज्याचे हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच शॉटमध्ये दिसत नाहीत, त्याच्याकडून हातचलाखी शिकू नका. तो एडिटिंग शिकवतो. एडिटिंग वाईट नाही, पण मग सरळ एडिटिंगच शिका. त्यात पगारही बरा आहे.

खरी चूक शोधली ती शेजारच्या अक्कांनी. अक्का दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. चाळीसेक वर्षं वळतायत. पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं, सगळं बोलता बोलता, हाताकडे न बघता. मी वैतागून त्यांच्यासमोर पायरीवर बसलो आणि नाणं गायब करून दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं. माझ्या हाताकडे नव्हे, तोंडाकडे. म्हणाल्या, "पैसा जाताना डोळं का झाकालास रे?"

मी म्हटलं, नाही झाकत. त्या म्हणाल्या, "झाकालास."

घरी येऊन सगळे जुने व्हिडिओ लावले. अठ्ठावीस होते. अठ्ठावीसच्या अठ्ठावीसमध्ये, नाणं उजव्यातच लपवण्याच्या नेमक्या क्षणी, माझ्या पापण्या मिटत होत्या.

इथे जरा थांबतो, कारण हे एक कळलं की बाकीचं सोपं आहे. आरशासमोर सराव करताना जादू करणाराही तुम्ही आणि प्रेक्षकही तुम्हीच. चोरी, म्हणजे नाणं लपवणं, कधी होणार हे त्या प्रेक्षकाला आधीच ठाऊक. नाणं डोकावताना त्याला बघायचं नसतं, म्हणून तो बरोब्बर त्याच क्षणी डोळे मिटतो. तुम्ही ठरवून करत नाही, तुम्हाला कळतही नाही. डोळे उघडतात तेव्हा हात स्वच्छ दिसतो आणि तुम्ही स्वतःवर खूश. म्हणजे आरशात तुमची चाल सुधारत नसते. न बघण्याची सवय मुरत असते. मी रोज दोनशे वेळा डोळे मिटायचा सराव केला. नऊ महिने.

आणि नुकसान दुहेरी असतं, हे समजून घ्या. एक, नाणं कडेने दिसतंय हे तुम्हाला कधीच दिसत नाही. दोन, नाणं अजिबात दिसत नसलं तरी ती पापणी चुगली करते. समोरच्याला कारण सांगता येणार नाही, पण "इथे काहीतरी झालं" हे त्याला जाणवतं. समोरासमोर असताना तो क्षण निघून जातो. मोबाइलवर लोक बोटाने मागे ओढतात, पुन्हा बघतात, एकेका फ्रेमवर थांबतात. सेकंदाला तीस फ्रेम असतील तर तुमची मिटलेली पापणी चार-पाच फ्रेम तरी तिथे बसलेली असते. कॅमेऱ्याची पापणी काही लवत नाही.

यावर मी जे केलं ते सांगतो. मोबाइल मागच्या कॅमेऱ्यावर ठेवला, स्क्रीन भिंतीकडे. सेल्फीत सराव करूच नका. एकतर स्क्रीनवर उलटं, आरशासारखं दिसतं, आणि दुसरं म्हणजे तुमची नजर नाण्याऐवजी स्क्रीनवर राहते. तुम्हीच ज्या हाताकडे बघत नाही, त्याच्याकडे प्रेक्षक का बघेल? मग चौकटीत हात घ्यायचेच नाहीत, फक्त चेहरा घ्यायचा. आधी वीस वेळा नाणं खरोखर डाव्या हातात ठेवायचं. नंतर वीस वेळा ठेवल्याचं नाटक. लगेच बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी, आवाज बंद करून बघायचं. नुसता चेहरा बघून खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे तुम्हाला ओळखता येत असेल तर तुमचं काम झालेलं नाही, हात कितीही सफाईदार असोत. मला सुरुवातीला चाळीसपैकी चाळीस ओळखता आले. लाज वाटली. दोन महिन्यांनी चुकायला लागलो आणि त्या दिवशी दुकानात उगाच हसत होतो.

घाबरू नका. ही सवय सुटते. बोटांची चुकीची पकड सुटायला याहून जास्त वेळ लागतो.

आता बाकीचं भराभर.

नाणं. परदेशी व्हिडिओत दिसतो तो अमेरिकन अर्धा डॉलर: ३०.६ मिलिमीटर रुंद, ११.३४ ग्रॅम. आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटर, पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. म्हणून त्यांचा क्लासिक पाम जसाच्या तसा केला की आपलं नाणं निसटतं. तळहाताचा कोन थोडा अजून आवळावा लागतो. वीसचं नाणं २७ मिलिमीटरच, पण बारा कोनांचं, वजनाला साडेआठ ग्रॅम. पकडीला मला ते आवडतं. एक-दोनची स्टीलची नाणी सुरुवातीला नकोतच, हलकी आणि साबणासारखी गुळगुळीत. गंमत म्हणजे इंग्रजांच्या काळचा चांदीचा बंदा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर तोळ्याचा, आणि रुंदीलाही जवळपास अर्ध्या डॉलरएवढाच. आमच्या देव्हाऱ्यात एक आहे. आई हात लावू देत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

नाणं कापून, कोरून काही करामत बनवायचा मोह होईल. करू नका. नाणं मोडणं-वितळवणं हा २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. शिवाय माझं जुनाट मत असं की पहिली दोन वर्षं साध्या नाण्याशिवाय काही विकतच घेऊ नये. टी. नेल्सन डाउन्स हा नाण्यांचा बादशहा म्हणवला जायचा. तो अमेरिकेत आयोवातल्या रेल्वे स्टेशनवर तारमास्तर होता. नोकरीतल्या मोकळ्या वेळात टेबलाशी बसून नाण्यांवर हात बसवला आणि १८९९ मध्ये थेट लंडनच्या पॅलेस थिएटरात उभा राहिला. काउंटरवरची नोकरी करणाऱ्याला याहून वेगळा दिलासा काय हवा?

आवाज. यात मी दुसऱ्यांदा फसलो. माझा सगळा सराव मागाच्या खटखटीत झालेला. दोन नाणी हातात एकमेकांना लागली तरी मला ऐकूच यायचं नाही. एका दुपारी माग बंद होता, मी निवांतपणे व्हिडिओ काढला आणि रिकाम्या म्हणवणाऱ्या हातातून खण्ण. तेव्हापासून शांततेत, पंखा बंद करून सराव. मे महिन्यात सोलापूर बेचाळीसच्या वर गेलेलं असताना पंखा बंद करणं म्हणजे काय ते इथल्यांनाच कळेल. तळहाताला जरासा ओलावा पकडीला बरा, पण घामाची धार लागली की नाणं तरी निसटतं, नाहीतर चिकटून सुटतच नाही. मी उन्हाळ्यात शूटिंग पहाटे साडेपाचला करतो.

टेबलावर साधा, एकरंगी, जाड टॉवेल दुमडून टाका. पडलेलं नाणं वाजत नाही, घरंगळत नाही. अभिमानाने सोलापुरी चादर अंथरू नका. मी अंथरली होती. त्या नक्षीत माझं नाणंच सापडत नव्हतं, जादू राहिली बाजूला.

लाइटबद्दल एवढंच: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूबखाली शटर चुकलं की व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर नाणं चमकलं की सगळं चित्र अंधारतं. मोबाइल अगदी जवळ ठेवू नका. जवळून हात फुगतात आणि बोटांमधली फट मोठी दिसते. चार-पाच फूट मागे सरकून दुप्पट झूम केलेला बरा.

आणि एक कडू गोष्ट. कॅमेरा एकाच डोळ्याने, एकाच जागेवरून बघतो, त्यामुळे त्या एका कोनातून सगळं झाकणं लवकर जमतं. तेवढ्यावर स्वतःला जादूगार समजू नका. माझ्या एका व्हिडिओचं बरंच कौतुक झालं, म्हणून नात्यातल्या एका हळदीला तोच प्रयोग केला. मोठी माणसं खुर्च्यांवर, पोरं पुढे जमिनीवर. फिंगर पाम खालून उघडा पडतो, हे कॅमेऱ्याने मला कधी सांगितलंच नव्हतं. पहिल्या रांगेतली सहा वर्षांची पोरगी ओरडली, "काकाच्या बोटात हाय!" मांडवभर हशा.

म्हणून गुरू शोधताय तर माझं ऐका. जादू येणारा गुरू मिळाला तर नशीब, पण त्याच्यासाठी अडून बसू नका. ज्याला तुमचं मन राखायचं नाही आणि ज्याचे स्वतःचे हात कशात तरी तयार झालेत, असं माणूस गाठा. शिंपी, सोनार, भाकरी थापणारी काकू, कुणीही. त्यांना चाल कळत नाही, पण हात खोटं बोलताना कळतो.

सध्या मी नाणं एका तळहातातून दुसऱ्यात उडवायचा मसल पास बसवतोय. अंगठ्याखालचा मांसल भाग रोज ठणकतो, नाणं जेमतेम दोन इंच उडतं. मागच्या रविवारी अक्कांना दाखवलं. डोळे उघडे होते, मी मुद्दाम सांभाळले होते. त्यांनी विडीला दोरा बांधला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता ओठ का दाबालास?"