एमबीकडून ईपीसीकडे: कोकणातल्या साइटवर नव्याने येणाऱ्यांसाठी

बी-१, बी-२ या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या निविदांवर तयार झालेली टीम रस्ते-पुलांच्या ईपीसी (डिझाइन, खरेदी आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे) कामावर आली की पहिला प्रश्न विचारते: एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तक, कोण लिहिणार? आजवर आयटमचा दर, एमबीतले मोजमाप आणि आरए बिल (काम चालू असताना निघणारे बिल) या साखळीवर पैसे मिळत आले. ईपीसीत किंमत एकरकमी असते, टप्प्यांचे टक्के करारात ठरलेले असतात आणि डिझाइन कंत्राटदाराने करायचे असते. करार बदलतो, सवयी मात्र जुन्याच राहतात. खरे नुकसान तिथे होते.

डोंगर कापण्याचेच बघा. वर कडक जांभा लागतो, त्याखाली हाताने चुरगळणारी, पाणी प्यायली की सरकणारी चिकणमाती. पावसात उतार ढासळला की जुन्या पद्धतीत उतार सपाट करायचा आणि वाढीव खोदाई बिलात धरायची. ईपीसीत करारातली कामाची व्याप्ती बदलल्याशिवाय हा खर्च सहसा कंत्राटदाराच्याच अंगावर पडतो. म्हणून जमीन तपासायचे बोअर घ्यायचे ते दर भरण्याआधी. निविदा विभाग, भूवैज्ञानिक आणि त्या पट्ट्यात पूर्वी काम केलेला साइट इंजिनिअर यांनी एकत्र बसूनच उतार ठरवावा. बहुतेक कंपन्यांत हे तिघे एकमेकांना निविदा मिळाल्यावरच भेटतात.

दुसरा घोटाळा ड्रॉइंगचा. सुपरवायझर सवयीने सरकारी मंजुरीची वाट पाहत बसतो. प्राधिकरणाचा (काम देणाऱ्या सरकारी संस्थेचा) अभियंता ड्रॉइंग तपासून निरीक्षणे कळवतो, पण डिझाइनची जबाबदारी कंत्राटदाराकडेच राहते. साइट ऑफिसात मराठीत एक तक्ता लावा: ड्रॉइंग, तपासणीची विनंती, चाचणी, टप्प्याचे बिल, व्याप्तीबदलाची नोटीस. प्रत्येकापुढे एकच नाव, आणि तो रजेवर असताना कोण, तेही. गणपती-शिमग्याला अर्धी साइट गावी जाते, तेव्हा हा दुसरा रकाना उपयोगी पडतो.

मोजमाप करणाऱ्याला वाटते, आपली गरज संपली. तसे नाही, आणि हे त्याला पहिल्याच आठवड्यात समोर बसवून सांगा. उपकंत्राटदाराचे पैसे अजूनही मोजूनच द्यावे लागतात. त्याच्याकडे नवे काम द्या: ड्रॉइंगमधले काँक्रीट आणि प्रत्यक्ष ओतलेले काँक्रीट यांचा दर आठवड्याचा फरक. एकरकमी कामात नफा गळतो तो इथूनच.

सुरुवात मोठ्या पुलावर करू नका. एका बॉक्स कल्व्हर्टचे (रस्त्याखालच्या चौकोनी मोरीचे) टप्प्याचे बिल जुन्या मोजमापासह तयार करून पाहा. कुठले कागद कमी पडतात ते तिथेच कळते.

पैशांचे गणित पावसाआधी मांडा. करारात उपटप्पे नसतील आणि खाडीपुलाचा पाया मेअखेर अर्धवट राहिला, तर खर्च होऊन बसतो आणि बिल पावसाळा उलटेपर्यंत अडकते. एप्रिलमध्ये पाच पाये अर्धवट उघडण्यापेक्षा तीन पुरे करा. राष्ट्रीय महामार्गांच्या हॅममध्ये (हायब्रिड ॲन्युइटी मॉडेल) ताण आणखी जास्त, कारण सरकारकडून सहसा ४० टक्के बांधकामादरम्यान आणि ६० टक्के नंतर वार्षिकीच्या हप्त्यांनी मिळतात. तिथे हिशेब विभागाचा माणूस साइटच्या साप्ताहिक बैठकीला हवाच.